बुडापेस्टचा अर्धा दिवस : यात्रा समितीला एक खुले पत्र

आदरणीय फादर आणि युरोप तीर्थयात्रा समितीतील बंधुभगिनींनो,

सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारी मिस्सा सुटल्यावर चर्चच्या दारात यात्रेची पत्रिका वाटली गेली. घरी जाऊन चष्मा लावून ती दोनदा वाचली. तेरा दिवस, रोमपासून सुरुवात, असिसी, पादुआ, व्हिएन्ना आणि बाराव्या दिवशी बुडापेस्ट. हप्त्याने पैसे भरायची सोय आहे. शुद्ध शाकाहारी जेवणाचीही आहे, आणि ती आपल्यात कोणासाठी, हे बायकोने मला विचारले. ते असो. पत्र लिहितोय ते बाराव्या दिवसाबद्दल.

पत्रिकेत त्या दिवसाच्या चार ओळी आहेत. सकाळी संत स्टीफनची बॅसिलिका आणि राजाच्या पवित्र उजव्या हाताचे दर्शन. मग '1938 च्या वैभवशाली युकॅरिस्टिक काँग्रेस'ची, म्हणजे ख्रिस्तप्रसादाच्या भक्तीसाठी भरलेल्या जागतिक कॅथलिक मेळाव्याची, जागा. दुपारी खरेदी. संध्याकाळी डॅन्यूब नदीत क्रूझ आणि बोटीवरच जेवण. मी समितीतल्या दोघांना फाटकापाशी गाठून म्हटले, यात एक गोष्ट राहिलीय: त्याच वर्षीचा ज्यूविरोधी कायदा. त्यांनी ऐकून घेतले आणि म्हणाले, लिहून द्या. म्हणून लिहून देतो. खुले अशासाठी की पैसे भरणारे इतर जणही ते वाचतील.

मी रेल्वेत गार्ड होतो, हे तुम्हा बहुतेकांना ठाऊक आहे. काही वर्षांपूर्वी अशाच एका यात्रेत बुडापेस्टला गेलो. बॅसिलिकेच्या बाजूच्या चॅपेलमध्ये काचेच्या पेटीत तो हात ठेवला आहे: मूठ मिटलेली, काळपट तपकिरी, लहानशी. पेटीसमोर यंत्र होते, त्यात नाणे टाकले की दिवा लागायचा आणि थोड्या वेळाने आपोआप विझायचा. आमच्यातल्या एकाने नाणे टाकले, पंचवीस जणांनी फोटो काढले, दिवा विझला, आम्ही बाहेर आलो. गाइडने सांगितले की 1938 साली हा हात सोन्याच्या गाडीत बसवून देशभर फिरवला होता. गाडी म्हटल्यावर माझे कान टवकारले. घरी आल्यापासून त्या गाडीबद्दल जे मिळेल ते वाचत आलो आहे, आणि वाचता वाचता त्या वर्षाच्या दुसऱ्या अंगापाशी पोचलो.

आधी थोडी पार्श्वभूमी, कारण ती नसेल तर हाताचा अर्थ लागत नाही. इश्तवान, म्हणजे आपला संत स्टीफन, हंगेरीचा पहिला ख्रिस्ती राजा. तो 1038 साली वारला, 1083 साली त्याला संत म्हणून गौरवले गेले. त्याचा हात शतकानुशतके इकडून तिकडे फिरला, दुब्रोव्हनिकच्या डॉमिनिकन मठात राहिला आणि 1771 साली राणी मारिया थेरेसाने तो बुडा शहरात आणवला. पहिल्या महायुद्धात हंगेरी हरलेल्या बाजूला होती. 4 जून 1920 च्या त्रियानों तहाने तिचा जवळजवळ दोन तृतीयांश मुलूख शेजाऱ्यांकडे गेला. ज्या गावी हा हात पूर्वी जपला गेला आणि ज्या गावाला त्यावरूनच सेंटयोब, म्हणजे 'पवित्र उजवा', हे नाव पडले, ते गावही रोमानियात गेले. नकाशाचे तुकडे झाले, राजाचा हात तेवढा शाबूत राहिला. लोकांनी तो कसा धरून ठेवला असेल, हे आपल्याला समजायला जड नाही.

तो काळच जुबिल्यांचा होता. 1925 चे पवित्र वर्ष झाले तेव्हा पोप पायस अकरावे अजून व्हॅटिकनच्या भिंतीआडच होते. इटलीच्या राज्याशी समेट झाला नव्हता. तो 1929 च्या लॅटरन कराराने झाला, आणि येशूच्या तारणकार्याला 1900 वर्षे झाली म्हणून 1933-34 साली खास जुबिली झाली. लोक आगगाड्या भरून रोमला जात. पण प्रत्येक देशाला आपल्या घरची जुबिलीही हवी होती. प्रागला 1929 मध्ये संत व्हेन्सेस्लासची सहस्राब्दी झाली. डब्लिनला 1932 मध्ये, संत पॅट्रिकच्या आगमनाला 1500 वर्षे झाल्याच्या निमित्ताने, फिनिक्स पार्कमधल्या मिस्सेला लाखो लोक जमले. ताजे स्वातंत्र्य मिळालेल्या त्या देशाने जगाला दाखवले की आम्ही कोण. चर्च आणि राष्ट्र एकाच मांडवात उभे राहण्याची ती वर्षे. त्यात काही खोटे होते असे मी म्हणत नाही. माझे वडील 1964 साली पहाटेची लोकल पकडून मुंबईच्या काँग्रेसला गेले, ओव्हलवर पोप पॉल सहावे त्यांना लांबून नखाएवढे दिसले आणि तेवढ्या शिदोरीवर ते मरेपर्यंत जगले. मुंबईची ती अडतिसावी काँग्रेस. बुडापेस्टची चौतिसावी.

आता 1938 चा मे महिना. महिन्याच्या सुरुवातीला हिटलर मुसोलिनीचा पाहुणा म्हणून रोमला आला, तेव्हा पायस अकरावे शहर सोडून कास्तेल गांदोल्फोला जाऊन राहिले आणि व्हॅटिकनची संग्रहालये त्यांनी बंद ठेवली. महिन्याच्या अखेरीस बुडापेस्टला काँग्रेस भरली. पोपचे प्रतिनिधी म्हणून कार्डिनल पाचेल्ली आले; पुढच्याच वर्षी तेच पायस बारावे झाले. मार्चमध्ये ऑस्ट्रिया गिळल्यामुळे जर्मनी आता हंगेरीच्या दाराशी होती, आणि नाझी सरकारने आपल्या लोकांना काँग्रेसला जायला बंदी घातली होती. 25 मे ला वीरांच्या चौकात भव्य वेदी उभारून उद्घाटन झाले. बोधवाक्य होते 'विन्कुलम कारितातिस', प्रीतीचे बंधन. देशाचे प्रमुख होर्ती हे कॅल्व्हिन या प्रॉटेस्टंट पंथाचे, पण त्यांची पत्नी कॅथलिक आणि काँग्रेसची आश्रयदाती. दुसऱ्या दिवशी प्रभूच्या स्वर्गारोहणाचा गुरुवार. त्या संध्याकाळी पवित्र साक्रामेंत, म्हणजे ख्रिस्तप्रसाद, बोटीत ठेवून डॅन्यूबवरून मिरवणूक निघाली. दोन्ही काठांवर माणसे, हातात मेणबत्त्या, पुलांवर रोषणाई. फोटो आजही बघायला मिळतात. तुमची क्रूझ त्याच पाण्यातून जाणार आहे.

रविवारी, 29 मे ला, काँग्रेसची सांगता झाली. दुसऱ्या दिवशी संत स्टीफन वर्ष सुरू झाले, आणि मग ती गाडी निघाली.

गाडीबद्दल थोडे लिहू द्या, माझा विषय आहे. हंगेरीच्या सरकारी रेल्वेने खास डबा बांधला होता: चारी बाजूंनी काच, आत उंच चौथऱ्यावर हाताची पेटी, वर सोनेरी नक्षी, पेटीभोवती पहारेकरी. गाडी स्टेशनांतून सावकाश जायची. जिथे थांबा नसेल तिथे शेतातले लोक रुळांच्या कडेला गुडघे टेकून असत. गावोगाव बँड, घंटा, मिस्सा. पुढे काही मुलूख परत मिळाला तशी गाडी तिकडेही नेली गेली, म्हणजे दर्शनासोबत सातबाराही फिरत होता म्हणा ना. 1942 पर्यंत तिच्या फेऱ्या चालल्या. युद्धात डबा नष्ट झाला. मी आयुष्यभर मालगाड्या, लोकल, मेल सगळे चालवले. काचेचा डबा मागे लावून जायला मिळाले असते तर मीही इस्त्रीचा शर्ट घातला असता.

आणि आता पत्रिकेत जे नाही ते.

काँग्रेसची सांगता ज्या रविवारी झाली, त्याच 29 मे 1938 या तारखेला हंगेरीत पहिला ज्यूविरोधी कायदा जारी झाला. 1938 चा पंधरावा कायदा. नाव मोठे गोंडस: सामाजिक आणि आर्थिक जीवनाचा समतोल अधिक परिणामकारकपणे राखण्याबाबत. वृत्तपत्रे, नाटक-सिनेमा, वकिली, इंजिनिअरिंग, डॉक्टरी आणि मोठ्या व्यापारी कचेऱ्यांतली नोकरी यांत ज्यूंचे प्रमाण वीस टक्क्यांवर जाता कामा नये, असा तो होता. देशाच्या वरिष्ठ सभागृहात कॅथलिक बिशपांना पदसिद्ध जागा होत्या. एस्तरगोमचे कार्डिनल शेरेदी, ज्यांच्या यजमानपदाखाली काँग्रेस भरली, आणि त्यांच्यासोबतचे बिशप यांनी विधेयकाला पाठिंबा दिला. प्रॉटेस्टंट बिशपांनीही दिला. आत्ता थोडे सोसले तर पुढचे मोठे टळेल, असा हिशेब तेव्हा पुष्कळ शहाण्यांनी केला होता.

बरे, हे ज्यूंचे झाले, आपला त्यात काय संबंध, असे कोणी म्हणेल म्हणून पुढचे कलम सांगतो. ज्यू कोणाला म्हणायचे, हे ठरवताना कायद्याने एक तारीख घातली. 31 जुलै 1919 नंतर ज्याने ज्यू धर्म सोडून बाप्तिस्मा घेतला, तो कायद्यापुरता ज्यूच. समजा 1921 साली कोणी बाई पेस्टच्या एखाद्या चर्चमध्ये बाप्तिस्मा घेऊन कॅथलिक झाली. सतरा वर्षे मिस्साला जाते, मुलांचे पहिले कम्युनियन झाले. त्या गुरुवारी ती नदीकाठी मेणबत्ती घेऊन उभी राहिली असेल. रविवारी तिच्या तोंडात ख्रिस्तप्रसाद पडला आणि त्याच रविवारी सरकारने सांगितले की तुझ्या डोक्यावरचे पाणी आम्ही धरत नाही. आणि ज्यांनी ते पाणी ओतले त्या चर्चच्या अधिकाऱ्यांनी कायद्याच्या बाजूने हात वर केला होता.

मी धर्मशास्त्र शिकलेलो नाही. पण लहानपणी कॅटेकिजममध्ये पाठ केले आहे की बाप्तिस्म्याची खूण पुसता येत नाही. आपण वसईचे लोक. बाप्तिस्म्याचा दाखला लग्नाला काढतो, मुलांच्या ॲडमिशनला काढतो, कधी कधी जमिनीच्या भांडणातही काढतो. एखाद्या घराने धर्म कधी बदलला, ही तारीख कागदावर किती महाग पडू शकते, हे या देशात आपल्याला कोणी शिकवायला नको. हंगेरीत पुढच्या वर्षीच, 1939 च्या कायद्याने, व्याख्या सरळ आजी-आजोबांच्या रक्तावर गेली, आणि लोक त्यांच्या बाप्तिस्म्याचे दाखले शोधत चर्चच्या कचेऱ्यांच्या दारी उभे राहू लागले. ज्या वहीत देवाच्या लेकरांची नावे लिहायची, तीच वही पोलिसी कामाला लागली. 1941 च्या तिसऱ्या कायद्याने ज्यू आणि बिगरज्यू यांच्यातल्या लग्नांवर बंदी आणली तेव्हा मात्र कार्डिनल शेरेदी विरोधात बोलले. विवाह हा साक्रामेंत, म्हणजे पवित्र संस्कार, त्याला हात लागला म्हणून. बाप्तिस्माही साक्रामेंतच ना, फादर?

नियतीचा एक विनोद इथेच सांगून टाकतो. तो पहिला कायदा ज्यांच्या कारकिर्दीत मंजूर झाला ते पंतप्रधान इम्रेदी हे धार्मिक कॅथलिक. नऊ महिन्यांनी, फेब्रुवारी 1939 मध्ये, त्यांच्याच एका पूर्वजाचे ज्यू असणे दाखवणारी कागदपत्रे विरोधकांनी पुढे आणली आणि त्यांना राजीनामा द्यावा लागला. हसू येते आणि येतही नाही.

त्या वेळी कोणाच्या लक्षातच आले नव्हते, असे म्हणायची सोय नाही. 5 मे 1938 ला, काँग्रेसच्या वीस दिवस आधी, 59 ख्रिस्ती लेखक-कलावंतांनी या कायद्याविरुद्ध निवेदन छापले. त्यात संगीतकार बार्तोक आणि कोदाय होते, कादंबरीकार झिगमोंड मोरित्स होते. चर्चमध्ये फारसे न दिसणारे लोकही त्यात असतील. पण बोलले ते.

आता पुन्हा गाड्यांकडे येतो, कारण मला झोप न लागायचे कारण तेच आहे. सोन्याची गाडी ज्या रुळांवरून गेली, त्याच रेल्वेच्या रुळांवरून 1944 साली, 15 मे ते 9 जुलै या आठ आठवड्यांत, 147 गाड्यांतून सुमारे 4,37,000 ज्यू देशाबाहेर नेले गेले. बहुतेक ऑशविट्झला. बंद मालडबे, एकेका डब्यात सत्तर-ऐंशी माणसे. बहुतेक गाड्या कश्शा (आजचे स्लोव्हाकियातले कोशित्से) स्टेशनावर हंगेरियन पोलीस जर्मनांच्या ताब्यात देत. मी मालगाडीचा गार्ड होतो. प्रत्येक गाडीमागे कोणीतरी माझ्यासारखा असतो: वेळ लिहिणारा, शिट्टी वाजवणारा, मागचा दिवा तपासणारा. सहा वर्षांपूर्वी काचेच्या डब्याला झेंडी दाखवणाऱ्यांतल्याच कोणीतरी या गाड्यांनाही झेंडी दाखवली असेल. वीस टक्क्यांचा कायदा आणि मालडबा यांत सहा वर्षांचे अंतर आहे. तो कायदा झाला म्हणूनच हे झाले, इतके सरळ गणित मी मांडत नाही; मध्ये युद्ध आले, जर्मन सैन्य आले. पण माणसे वेगळी काढून नोंदवायची सवय 1938 मध्ये लागली होती.

कार्डिनल शेरेदींनी 29 जून 1944 या तारखेचे मेंढपाळपत्र, म्हणजे चर्चमध्ये वाचून दाखवायचे पत्र, काढले, त्यात हद्दपारीचा निषेध होता. सरकारशी बोलणी झाली आणि ते मिस्सामध्ये वाचायचे थांबवले गेले. तोवर बुडापेस्टबाहेरच्या गावांत ज्यू जवळजवळ उरले नव्हते. पत्र न वाचले जाण्याबद्दल मी आज थोडा हळवा आहे, हे समजून घ्या.

मग यात्रेला जाऊच नये का? जावेच. माझे पैसे भरून झाले आहेत. आणि त्या शहरात दर्शन घेण्यासारखे आणखी एक माणूस आहे, ज्याचा पत्रिकेत उल्लेख नाही. सिस्टर शारा शल्कहाझी. जन्म 1899, त्याच कश्शा गावी. आधी पुस्तकबांधणीचे काम, मग पत्रकारिता, सिगारेटी ओढायची, लग्न ठरून मोडले. मग मार्गित श्लाख्ता यांनी 1923 मध्ये स्थापन केलेल्या समाजसेविका भगिनींच्या संघात ती गेली. या श्लाख्ताबाई हंगेरीच्या संसदेतल्या पहिल्या महिला, आणि या कायद्यांविरुद्ध सातत्याने लढणाऱ्या. त्यांच्या भगिनींनी 1944 मध्ये आपल्या घरांतून, वसतिगृहांतून शेकडो ज्यूंना लपवले. 27 डिसेंबर 1944 ला ॲरो क्रॉस या हंगेरीतल्या नाझीधार्जिण्या पक्षाची माणसे शाराच्या वसतिगृहावर आली. ती बाहेर होती. परतताना तिला ते दिसले, वळून जाता आले असते, ती आत गेली. त्याच दिवशी लपलेल्या स्त्रियांसोबत आणि एका कॅटेकिस्ट (धर्मशिक्षिका) बाईसोबत तिला डॅन्यूबच्या काठी गोळ्या घातल्या. प्रेत नदीत गेले, सापडले नाही. 17 सप्टेंबर 2006 ला तिला धन्य घोषित केले गेले, बुडापेस्टच्याच संत स्टीफन बॅसिलिकेत. म्हणजे ज्या ठिकाणी आपण नाणे टाकून हात बघणार, तिथेच. तिचा मात्र हात नाही, हाड नाही, काचेत ठेवण्यासारखे काही नाही. नदी आहे.

कोणी म्हणेल, दुसऱ्यांच्या संतांच्या घरातला केर कशाला काढायचा. आपल्याही घरात आहे. आपल्या पत्रिकेत रोमचे जेझू चर्च आहे. तिथे संत फ्रान्सिस झेवियरचा उजवा हात आहे. 1614 साली गोव्याहून तो तिकडे नेला. हजारोंना बाप्तिस्मा देऊन थकलेला हात, असे आपण मुलांना सांगतो, आणि ते खरेच आहे. 1546 मध्ये पोर्तुगालच्या राजाला पत्र पाठवून भारतात इन्क्विझिशन, म्हणजे धर्मद्रोह्यांना शिक्षा करणारे चर्चचे न्यायालय, मागणारेही तेच संत झेवियर. 1560 मध्ये ते न्यायालय गोव्यात आले, आणि त्याचा पहिला डोळा होता तो ज्यू धर्मातून ख्रिस्ती झालेल्यांवर. मी दर डिसेंबरला गोव्याला जातो, पुढेही जाईन, पाय धरेन. पण नातवाने विचारले तर दोन्ही सांगतो.

माझी मागणी मोठी नाही. पत्रिकेतल्या '1938 च्या वैभवशाली काँग्रेस' या ओळीखाली आणखी एक ओळ छापा: याच काँग्रेसच्या सांगतेच्या दिवशी पहिला ज्यूविरोधी कायदा जारी झाला आणि बिशपांनी त्याला पाठिंबा दिला होता. बॅसिलिकेतून संसदेजवळच्या नदीकाठी पायी पंधरा मिनिटे लागतात, गुडघे दुखणाऱ्यांना पंचवीस धरा. तिथे 2005 पासून काठावर लोखंडी बूट मांडले आहेत, साठ जोड: बायकांचे, पुरुषांचे, पोरांचे. गोळी घालण्याआधी पायातले काढायला लावत, त्याची ती आठवण. खरेदीचा वेळ दोन तासांवरून एक करा आणि लोकांना तिथे न्या. एक रोजरी म्हणू, नाहीतर गप्प उभे राहू.

क्रूझचे पैसे भरून झाले असतील तर क्रूझ राहू द्या. पण बोटीवर 'वैभवशाली'ची टेप लावायची असेल तर आधी माइक दहा मिनिटे माझ्याकडे द्या. मी गार्ड होतो, वेळेत संपवतो. आणि सुटे फोरिंट मी बरोबर आणतो, त्या पेटीसमोरचा दिवा अजून नाण्यावर चालत असेल तर पंचवीस जणांसाठी एकदा पुरणार नाही.

आपला,
धर्मग्रामातील एक निवृत्त गार्ड